मधला तुकडा

माझे थोरले दीर गेले तेव्हा वसईत चर्चच्या पायऱ्यांवर भेटलेला प्रत्येक जण मला म्हणाला, असा माणूस पुन्हा होणे नाही. मेलेल्या म्हशीला मणभर दूध. मी काळी साडी नेसून मान डोलावत होते. या माणसाचा मी चार वर्षं, दर शुक्रवारी दुपारी, त्यांच्याच टेबलावर जेवत मनापासून द्वेष केला होता. कारण सांगितलं तर हसाल. बीफचा एक तुकडा, एवढंच कारण.

आम्ही वसईचे ख्रिस्ती, त्यामुळे बीफ घरात नवलाचं नव्हतं. रविवारी मिस्सा आटोपली की वडील पिशवी घेऊन बाजारात जायचे. आई आणलेल्या मांसाला लसूण, व्हिनेगर आणि घरचा मसाला चोळायची आणि दोन तास मंद आचेवर ठेवायची. जनावराच्या पाठीच्या कण्याखाली एक लांबट, मऊ भाग असतो. आमच्याकडे त्याला अंडरकट म्हणतात. तो फक्त नाताळला यायचा, नाहीतर जावई येणार असला तर. तोही आई मसाल्यातच घालायची. ताटात लाल पाणी सुटलेलं मांस वाढलं असतं तर शेजारणींनी आईच्या हाताला कायमची नावं ठेवली असती.

सत्त्याण्णव साली तीन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन मी दुबईला उतरले. नवरा वर्षभर आधी आला होता, एका शिपिंग कंपनीत क्लार्क म्हणून. त्याची नोकरी, व्हिसा, करामा भागातली आमची एका बेडरूमची जागा, सगळं थोरल्या दिरांनी जमवलेलं. ते स्वतः एका मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये बुचर होते. आमचा फ्रिज त्यांनी दिलेला, पडदे जाऊबाईंचे जुने. दीर आमच्याकडे आले की आधी फ्रिजचं दार उघडून बघायचे, नीट चालतोय ना म्हणून. उपकार ते विसरले नाहीत आणि आम्हालाही कधी विसरू दिले नाहीत.

दोन बिल्डिंगी सोडून त्यांचा फ्लॅट होता. तिथे सुट्टी शुक्रवारची; शुक्रवारी सकाळची मिस्सा झाली की जेवण त्यांच्याकडे, हा नियम मी यायच्या आधीपासून ठरलेला. गुरुवारी ड्यूटी संपल्यावर ते हॉटेलमधून एक अख्खा टेंडरलॉइन घेऊन यायचे. हॉटेल त्यांना स्टाफच्या भावात देतं, असं ते सांगायचे. टेंडरलॉइन म्हणजे आपला अंडरकटच. मी पहिल्या शुक्रवारी तसं म्हणाले, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चर्चमध्ये चपला घालून अल्तारावर चढले.

"अंडरकट वसईला," ते म्हणाले. "हा ऑस्ट्रेलियन आहे. चिल्ड. याने कधी बर्फ पाहिला नाही."

मग भाषण. ते टेबलाच्या टोकाला उभे राहायचे. समोर लाकडी फळी, हातात लांब सुरी. वरची चंदेरी कातडी ते अशी सोलायचे की मांसाचा कणही तिला चिकटून यायचा नाही. ते कसब होतं, हे मी नाकारत नाही. मग सुरीच्या टोकाने दाखवायचे: हे डोकं, जाड पण वेडंवाकडं. हे शेपूट, निमुळतं होत गेलेलं टोक. आणि हा मधला भाग, एकसारखा गोल, याच्या दोन इंच जाडीच्या चकत्या. "यासाठी गोरे लोक आमच्याकडे रांग लावतात," असं ते म्हणायचे. टेबलाभोवती बसलेल्या आम्हा कारकून मंडळींत त्यांना उत्तर देणारं कोणी नव्हतं. वासरात लंगडी गाय शहाणी.

त्या पहिल्या शुक्रवारी त्यांनी मला विचारलं, "तुला कसं हवंय? रेअर, मीडियम?"

मी म्हटलं, "नीट शिजलेलं द्या, दादा."

"वेल डन!" त्यांनी टेबलाकडे वळून सगळ्यांना सांगितलं. "ऐकलंत का? हॉटेलमध्ये वेल डनची ऑर्डर आली की आम्ही काय करतो माहितीये? टोक टाकतो तव्यावर. ज्याला चवच कळत नाही त्याच्यावर मधला तुकडा कशाला वाया घालवायचा?"

सगळे हसले. नवराही हसला, हे मी लक्षात ठेवलं.

तेव्हापासून वाटणी ठरून गेली. पाहुणे असतील तर मधला तुकडा त्यांना, मग दिरांना आणि जाऊबाईंना. माझ्या नवऱ्याला डोक्याचा भाग, कारण धाकटा असला तरी तो सख्खा भाऊ. मला टोक. आणि माझ्या मुलीलाही टोक, त्यातलंही अगदी शेवटचं, बोटाएवढं उरलेलं. तिचं ताट सगळ्यांच्या शेवटी यायचं. ते तो तुकडा सुरीच्या चपट्या बाजूने ठेचायचे, सगळ्यांचं वाढून झालं की एकट्याचाच तव्यावर टाकायचे आणि काळा होईपर्यंत तिथेच ठेवायचे. माझी मुलगी तो करपलेला तुकडा हातात धरून खायची आणि बोटं चाटायची. तिला बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वाटायचं, आपला अपमान होतोय हे कळण्याचं या पोरीचं वयसुद्धा नाही.

दुसऱ्या वर्षी मी हिंमत करून म्हटलं, "दादा, मला मीडियम चालेल."

"आता उशीर झाला," ते म्हणाले. "तुझं तोंड वेल डनचं आहे."

मी नवऱ्याला शंभरदा सांगितलं, शुक्रवार बंद करू या. तो म्हणायचा, दादा काय म्हणतील. त्याच्या आयुष्याचं हे एकच वाक्य होतं. दादांनी आणलं, दादांनी ठेवलं, दादा काय म्हणतील. मला स्वतःसाठी काही नको होतं, असं मी तेव्हा समजत होते. माझ्या मुलीच्या ताटात एकदा, फक्त एकदा मधला तुकडा पडावा आणि तो त्या माणसाने आपल्या हाताने वाढावा. चार वर्षं मी हीच एक इच्छा जपली. मिस्सेत गुडघे टेकल्यावर दुसरं काही डोक्यात येत नव्हतं, हे मी पुढे फादरांनाही सांगितलं. त्यांनी प्रायश्चित्त म्हणून रोझरी म्हणायला लावली. रोझरी म्हणताना मी पुढच्या शुक्रवारी काय बोलायचं ते ठरवत होते.

मुलगी शाळेत जायला लागली तशी मी नोकरी धरली. कंपनी मांस आयात करायची. अल क्वोझमध्ये कोल्ड स्टोअर आणि त्याला चिकटून पत्र्याचं ऑफिस. माझं काम स्टिकरचं. बाहेरून आलेल्या प्रत्येक पाकिटावर माल कुठला, कधीचा, कधीपर्यंतचा हे अरबी आणि इंग्रजीत चिकटवावं लागायचं. अरबी मजकूर तयार असायचा. मी तारखा आणि देश टाइप करून प्रिंट काढायची. आमच्या प्रिंटरची एक रेघ तुटलेली होती. प्रत्येक स्टिकरच्या डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक बारीक पांढरी चीर उमटायची. मॅनेजर रोज म्हणायचा, इन्शाल्ला नवीन घेऊ. मी सोडेपर्यंत तोच प्रिंटर होता.

कोल्ड स्टोअरचा फोरमन पेशावरचा पठाण होता, दाढी मेंदीने रंगवलेला. एक दिवस मी त्याला विचारलं की या टेंडरलॉइनमध्ये एवढं आहे काय. त्याने हातमोजा काढला आणि स्वतःच्या कमरेवर मागे हात ठेवला.

"बहनजी, टाँग चलती है, गर्दन झुकती है, कंधा बोझ उठाता है. ये गोश्त कुछ काम नहीं करता. बस अंदर लेटा रहता है. इसीलिए नरम है."

मला लगेच टेबलाच्या टोकाशी बसलेले दीर आणि स्वयंपाकघरातून ताटं वाहणाऱ्या जाऊबाई आठवल्या. मी हसले. त्याला वाटलं मी त्याच्या हिंदीला हसतेय.

"और पूँछ? वो सख़्त होती है?"

"कौन बोला? पूरा एक ही गोश्त है. पूँछ बस पतली है, जल्दी पक जाती है. मोटा टुकड़ा पकाना आसान है. पूँछ पकाने को उस्ताद चाहिए."

शेवटचं वाक्य मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मला हवं होतं ते आधीच्या वाक्यात मिळालं होतं. सगळं मांस एकच. म्हणजे तीन वर्षं मला जे खालचं म्हणून वाढलं जात होतं ते खालचं नव्हतंच. फक्त वाढणाऱ्याने तसं ठरवलं होतं.

पठाणाने मला मालातला फरकही शिकवला. ऑस्ट्रेलियाचा माल हवा काढलेल्या पाकिटात यायचा, गार, पण न गोठवलेला. रंग लाल, चरबी पिवळसर. आणि भारतातून यायचं ते गोठवलेलं म्हशीचं मांस. रंग काळपट, चरबी खोबऱ्यासारखी पांढरी, आणि बर्फ वितळला की खाली वाटीभर लाल पाणी. किंमत पाव. मजुरांच्या कॅम्पची किचन आणि डेरा बाजारातली छोटी हॉटेलं तेच न्यायची.

चौथ्या वर्षीचा तो शुक्रवार. दिरांनी चर्चमधल्या एका नव्या जोडप्याला जेवायला बोलावलं होतं, जेमतेम महिन्यापूर्वी मुंबईहून आलेलं. मी स्वयंपाकघरात जाऊबाईंना बटाटे सोलून देत होते. फ्रिजमधून टेंडरलॉइन बाहेर काढलेला होता आणि त्याच्या खालच्या भांड्यात पाणी साचलं होतं. वाटीभर, लाल. मी बघितलं आणि क्षणभर काहीच वाटलं नाही. मग सालं टाकायला कचऱ्याच्या पिशवीचं तोंड उघडलं. वरच एक चुरगळलेलं प्लास्टिक होतं. त्यावर स्टिकर, आणि स्टिकरच्या डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत पांढरी चीर.

तो मी मंगळवारी टाइप केला होता. गोठवलेलं म्हशीचं मांस, टेंडरलॉइन, भारत.

जाऊबाईंची पाठ माझ्याकडे होती. मी प्लास्टिक नळाखाली धुतलं, ओढणीला पुसलं आणि चारदा घडी करून पर्समध्ये ठेवलं. इतका आनंद मला त्या देशात त्याआधी झाला नव्हता.

बाहेर भाषण सुरू झालं होतं. ऑस्ट्रेलियन. चिल्ड. याने कधी बर्फ पाहिला नाही. नवीन जोडपं तोंड उघडं टाकून ऐकत होतं, चार वर्षांपूर्वी मी ऐकत होते तसं. मी मध्ये बोलले नाही. त्यांना तुकडे करू दिले, भाजू दिले, झाकून पाच मिनिटं ठेवू दिले. मधले दोन तुकडे पाहुण्यांना गेले, एक त्यांनी स्वतःच्या ताटात घेतला. शेवटचं टोक ठेचून फळीवर बाजूला ठेवलेलं होतं, माझ्या मुलीचं.

"दादा," मी म्हटलं, "आज माझ्या मुलीला मधला तुकडा द्या."

ते हसले. "तिला काय कळणार? सात वर्षांची पोर. वाया जाईल."

"ऑस्ट्रेलियन आहे म्हणून वाया जाईल?"

नवऱ्याने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मी पाय काढून घेतला, पर्समधून ते प्लास्टिक काढलं आणि त्यांच्या ताटाशेजारी पसरलं. मग वाचून दाखवलं. इंग्रजीत, जसं छापलं होतं तसं. प्रॉडक्ट ऑफ इंडिया. फ्रोझन. बफेलो. "मीच टाइप केलंय," मी म्हटलं. "मंगळवारी. आणि कॅम्पच्या किचनला जातं ते हे, दादा. तुमच्या गोऱ्यांच्या रांगेत नाही."

नवीन जोडप्यातली बायको आपल्या ताटातल्या मांसाकडे बघत राहिली. दिरांनी स्टिकरवर बोट ठेवलं, वाचता येत नसल्यासारखं. मग जाऊबाई स्वयंपाकघराच्या दारातून बोलल्या, आणि त्या पाहुण्यांशी नाही, सरळ माझ्याशी बोलल्या.

"सात महिने झाले, हॉटेलने काढलं यांना. नवीन शेफ आला, त्याने आपली माणसं आणली. खलास. आता कॅम्पच्या किचनला आहेत, जबल अलीच्या पुढे. चारशे माणसांचा भात आणि डाळ. तिथे सुरी लागते ती कांद्याला. हे दर गुरुवारी डेऱ्याला जाऊन विकत आणतात. शुक्रवार मोडायला नको म्हणून. तुझ्या नवऱ्याला कळायला नको म्हणून. झालं तुझं समाधान?"

झालं होतं. मला दया आली, असं लिहिलं तर ते खोटं होईल. या माणसाचं पितळ उघडं पडलं आणि ते मी माझ्या हाताने उघडं पाडलं, याचा मला निखळ आनंद झाला. सात महिने कांदे चिरणारा माणूस मला वेल डनचं तोंड म्हणत होता. नवरा मान खाली घालून बसला होता. त्याच्याकडे बघूनही मला बरंच वाटलं.

दिरांनी काटा उचलला. स्वतःच्या ताटातला मधला तुकडा, अजून न कापलेला, त्यांनी उचलला आणि माझ्या मुलीच्या ताटात ठेवला. आपल्या हाताने. मी चार वर्षं जे मागत होते ते अगदी जसंच्या तसं झालं.

मुलीने तुकड्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"नो, मोठे पप्पा," ती म्हणाली. "आय वॉन्ट माय क्रिस्पी वन."

"आज हे खा," ते म्हणाले.

"बट यू ऑल्वेज मेक इट लास्ट. फॉर मी. विथ द पेप्पर." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "यू सेड नोबडी एल्स गेट्स दॅट वन."

फळीवरचं ते ठेचलेलं टोक मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. कागदाइतकं पातळ आणि सगळीकडे सारखं. दोन्ही बाजूंना जाडसर कुटलेली मिरी दाबून लावलेली, कडांना जराशी साखर. चार वर्षं ते माझ्या डोळ्यांसमोर होत होतं आणि मला फक्त काळा रंग दिसला होता. जाडा तुकडा कोणीही भाजतं, पूँछ पकाने को उस्ताद चाहिए. मला ते सांगितलं गेलं होतं.

दीर उठले नाहीत. तवा गार झाला होता. मुलीने तो मधला तुकडा हळूच ढकलून माझ्या ताटात टाकला, नको असलेली भाजी टाकते तसा. सगळ्यांचे डोळे माझ्यावर होते, म्हणून मी सुरी घेतली आणि तो खाल्ला. वरून तपकिरी, आतून गुलाबी, आणि इतका मऊ की दातांना काम नव्हतं. म्हशीचा, गोठवलेला, डेऱ्याहून आणलेला. त्यांनी तो उत्तम भाजला होता. मी शेवटच्या घासापर्यंत खाल्ला आणि कसा झालाय ते सांगितलं नाही.

त्यानंतर शुक्रवारचं बोलावणं आलं नाही. दोन वर्षांनी दीर आणि जाऊबाई वसईला परत गेले, कायमचे. एअरपोर्टवर नवरा एकटाच गेला होता. आम्ही करामा सोडलं, मोठी जागा घेतली, नवा फ्रिज घेतला, नवे पडदे लावले. पठाणाकडून मी पाहिजे तसा माल आणायची, ऑस्ट्रेलियन, चिल्ड. मधले तुकडे मला चांगले जमायला लागले. मुलगी निमूट खायची आणि मग विचारायची, टोकाचं काय केलंस? मी ठेचून बघितलं, मिरी लावून बघितली, साखर लावून बघितली. कधी चामडं व्हायचं, कधी कोळसा. ती एक घास घ्यायची आणि "इट्स ओके, मम्मी" म्हणून बाजूला सारायची. वसईला फोन होता, नंबर मला पाठ होता. मी तो एकदाही फिरवला नाही. त्या माणसाला आपण काही विचारायचं, आणि त्यांनी परत एकदा सुरीचं टोक दाखवत भाषण द्यायचं! वेल डनचं तोंड मी विसरले नव्हते, आणि आजही विसरलेली नाही.

अंत्यविधी आटोपून वसईच्या घरी आले तेव्हा मुलीचा फोन आला. ती आता दुबईतच नोकरी करते, तिला सुट्टी मिळाली नव्हती. बराच वेळ रडली. मग नाक ओढत म्हणाली, "मम्मी, डिड यू एव्हर आस्क हिम हाउ ही मेड इट?"

"नाही," मी म्हटलं. "बोलत नव्हतो आम्ही."